देणाऱ्याचा हात का आखडतो?

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. खेड्यापाड्यांतून वर्ध्याला शिकावयास येणाऱ्या, खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या खर्चासाठी आम्ही काही प्राध्यापक मिळून एक लहानसा निधी चालवितो. त्याचे पावतीपुस्तक घेऊन मी आणि माझे एक सहकारी नेहमीप्रमाणे फिरावयास निघालो होतो. गावातील एका जुन्या वस्तीत एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. निधी सुरू झाला त्या वर्षापासून त्यांची वर्गणी कधी चुकली नव्हती. रक्कम मोठी नव्हे, पण ती ते आधीच पाकिटात घालून ठेवीत. त्या संध्याकाळी आम्ही फाटक उघडले तेव्हा गुरुजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेले दिसले. आम्ही अंगण ओलांडून पायरीपाशी पोचलो तोवर खुर्ची रिकामी झाली होती. आतून उत्तर आले, 'गुरुजी बाहेर गेले आहेत.' वर्तमानपत्र खुर्चीत उघडेच पडले होते आणि वहाणा पायरीशी होत्या.

परत येताना आम्ही दोघेही काही बोललो नाही. अपमान वाटला असे नव्हे. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविले, त्याच्यावर स्वतःच्याच घरात लपण्याची पाळी आम्ही आणली, हे मनाला लागले. घरी येऊन पावत्यांच्या स्थळप्रती चाळल्या. आदल्या बारा महिन्यांत आम्ही त्यांच्याकडे तीनदा गेलो होतो. एकदा नेहमीच्या वर्गणीसाठी, एकदा एका विद्यार्थ्याच्या आजारपणासाठी आणि एकदा स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी. तिन्ही वेळा त्यांनी दिले होते आणि तिन्ही वेळा आम्ही पावती फाडून दिली होती. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे सांगावयास मात्र एकदाही गेलो नव्हतो.

सार्वजनिक संस्थांच्या बैठकीत बसण्याचा ज्यांना प्रसंग येतो, त्यांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते. 'लोकांत आता देण्याची वृत्तीच राहिली नाही.' हे वाक्य उच्चारणाऱ्याला त्यातून एक प्रकारचे समाधान मिळत असावे, कारण दोष परस्पर समाजाच्या माथी जातो आणि संस्थेची वही तपासावी लागत नाही. परंतु हे निदान मला मान्य नाही. देण्याची वृत्ती आटली असती तर गावोगावचे सप्ताह आणि भंडारे बंद पडले असते. पूर आला की धान्याच्या गाड्या भरल्या नसत्या. अपरिचित मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी मोबाइलवर आलेल्या आवाहनाला मध्यमवर्गीय माणसाने शंभर-दोनशे रुपये पाठविले नसते. वृत्ती आहे. माणूस थकला आहे. आणि तो देण्याने थकलेला नसून मागितले जाण्याने थकलेला आहे, असे मला वाटते. या दोहोंतील भेद आपल्या संस्थांनी ओळखलेला नाही.

एखाद्या शाळामास्तराचे किंवा कचेरीतील लिपिकाचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. जूनमध्ये स्वतःच्या मुलांची पुस्तके आणि शुल्क. लगोलग वाचनालयाची वर्गणी. मग तान्हा पोळा, गणेशोत्सव, दुर्गोत्सव; गल्लीचे मंडळ वेगळे, चौकाचे वेगळे आणि कचेरीचे वेगळे. डिसेंबरच्या ७ तारखेला सैन्याचा ध्वजदिन. हिवाळ्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि त्यातून निघणारी शाळेच्या इमारतीची यादी. मध्येच कुठे दुष्काळ, कुठे अतिवृष्टी, की एक दिवसाचे वेतन. सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न, शिपायाच्या घरचे आजारपण. यांतील एकही मागणी अन्यायाची नाही, आणि अडचण नेमकी हीच आहे. प्रत्येक मागणारा आपल्या कार्याकडे पाहून आपली मागणी योग्य ठरवितो, आणि ती योग्य असतेही. पण देणारा एकच असतो आणि त्याचा पगार महिन्यातून एकदाच होतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे गायरानाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. गावाचे सामायिक कुरण असते. प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो. त्या एका जनावराचा लाभ त्याचा एकट्याचा आणि गवत संपण्याचा तोटा सर्वांचा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ही मांडणी केली तेव्हा त्यांच्यासमोर लोकसंख्येचा प्रश्न होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की, सामायिक कुरण उजाड होणे हे काही अटळ भवितव्य नव्हे; ज्या गावांनी चराईचे नियम स्वतः बसून ठरविले आणि पाळले, तेथील कुरणे शतकानुशतके टिकली. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वर्ध्यासारख्या शहरात देणाऱ्यांची सद्भावना हे असेच एक सामायिक कुरण आहे. त्यावर चरणाऱ्या संस्था अनेक. नियम मात्र कोणीच ठरविलेले नाहीत.

वर्ध्याचे नाव घेतले की सार्वजनिक पैशाचा एक सबंध इतिहास समोर येतो. जमनालाल बजाज यांनी येथे गांधीजींना आणले. ते काँग्रेसचे खजिनदार होते. असहकाराच्या काळात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. टिळक स्वराज्य फंडाचा एक कोटीचा संकल्प ३० जून १९२१ पर्यंत पुरा करावयाचा होता आणि तो पुरा झाला. या दातृत्वाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. थोर दात्याच्या गावाला एक वाईट सवय लागू शकते. संस्था काढताना लोकांकडे न पाहता एखाद्या शेठजीकडे पाहण्याची ती सवय. जमनालालजी १९४२ मध्ये गेले. त्यांच्यासारखा माणूस पिढीत एखादाच निपजतो, आणि तसा दुसरा सापडेल या आशेवर अनेक संस्था आजही आपली अंदाजपत्रके आखतात.

गांधीजींची स्वतःची पद्धत वेगळी होती. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी त्यांनी वर्ध्याहूनच हरिजन-यात्रेला आरंभ केला. नऊ महिन्यांत सुमारे साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला आणि जवळपास आठ लाख रुपये जमले. ते जमले कसे? स्वाक्षरीचे पाच रुपये, एखाद्या बाईच्या हातातली बांगडी, खेड्यातील सभेत फिरलेल्या झोळीत पडलेली तांब्याची नाणी. देणाऱ्याने कशासाठी दिले आणि ते कोठे जाणार, हे त्याला त्याच जागी कळत होते.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून बोधक प्रसंग त्यांच्या आत्मकथेत आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हा मासिक वर्गणी ठरली, किमान पाच शिलिंग. दादा अब्दुल्ला शेठनी दरमहा दोन पौंड घातले, गांधीजींनी स्वतःसाठी एक पौंड. लोकांनी उत्साहाने नावे दिली. आणि मग दरमहा वसुलीचे काम सुरू झाले! गांधीजींच्या ध्यानी आले की, वर्गणीदारांकडे पुनःपुन्हा जावे लागते, त्याने त्यांना त्रास होतो आणि चिटणीसाचा सारा वेळ त्यातच जातो. तेव्हा त्यांनी सभा बोलाविली आणि मासिक वर्गणी रद्द करून किमान तीन पौंडांची वार्षिक वर्गणी ठरविली. बाराही महिन्यांच्या किमान वर्गणीची बेरीज जेवढी होत होती, तेवढीच ही रक्कम. देणाऱ्याचा भार कमी झाला नाही. त्याच्या दाराशी जाण्याच्या खेपा मात्र बारांवरून एकीवर आल्या. सभासदांनी हा बदल आनंदाने स्वीकारला. पावती प्रत्येक रकमेची दिली जाई आणि पै-पैचा हिशेब राही. कर्ज काढून सार्वजनिक काम करू नये, आणि पैशाच्या बाबतीत लोकांच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, हे दोन धडेही त्यांनी याच ठिकाणी घेतले. पंचविशीतील एका तरुण बॅरिस्टरला जे एका वर्षात उमगले, ते आपल्या संस्थांना शंभर वर्षांत उमगू नये याचे नवल वाटते.

त्याच प्रकरणात दुसरीही एक हकिगत आहे. टोंगाट गावी एका श्रीमंत यजमानाकडून सहा पौंडांची अपेक्षा होती आणि तो तीनच्या वर जाईना. तेव्हा मंडळी जेवली नाहीत, त्याच्याच घरी रात्र काढली, आणि पहाटे त्याने सहा पौंड दिले व सर्वांना जेवू घातले. ही हकिगत गोड वाटते खरी. पण गांधीजींविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणेन की, ही रीत अनुकरण करण्यासारखी नाही. रात्रभर उपाशी बसण्याची ज्याची नैतिक तयारी आहे, त्यालाच ती शोभते. आपण मात्र त्या प्रसंगातील उपवास वगळून हट्ट तेवढा उचलला आहे. कचेरीत वरिष्ठांच्या सहीने फिरणारी यादी घ्या, शाळेत वर्गशिक्षकांकरवी मुलांच्या हाती दिलेली पावत्यांची पुस्तके घ्या, किंवा चौकात दहा जणांनी मिळून दुकानदारापुढे उभे राहणे घ्या. टोंगाटचीच ही हलकी प्रत आहे. देणारा देतो, पण त्या दिवसापासून तो रस्ता बदलतो.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे या विषयाचे प्रत्यक्ष प्रयोग केले आहेत. बोस्टननजीकच्या एका मोठ्या दुकानाच्या दारांशी एका धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक घंटा घेऊन उभे केले गेले. ते नुसते उभे असत तेव्हा गिऱ्हाइकांच्या वागण्यात फारसा फरक पडत नसे. पण त्यांनी तोंडाने मागावयास आरंभ करताच देणगी पुष्कळ वाढली, आणि त्याचबरोबर सुमारे तिसरा हिस्सा लोक ते दार टाळू लागले. जेम्स आंद्रेओनी व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोजवळच्या वस्त्यांतील प्रयोगात, 'अमुक वेळी आम्ही देणगीसाठी येऊ' अशी चिठ्ठी आदल्या दिवशी दाराला अडकविली, तेव्हा दार उघडणाऱ्या घरांचे प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटले. 'आम्हांस त्रास देऊ नये' अशी खूण करण्याची सोय त्याच चिठ्ठीत ठेवली, तेव्हा देणाऱ्यांचे प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी खाली आले. म्हणजे देणाऱ्यांतला बराच मोठा भाग असा होता की, जो नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते म्हणून देत होता. डेन्मार्कमधील एका संस्थेने आपल्या जुन्या देणगीदारांना स्मरणपत्रे धाडली, तेव्हा देणग्याही वाढल्या आणि 'माझे नाव यादीतून काढा' असे कळविणारेही वाढले. स्मरणपत्राचा लाभ त्याच महिन्याच्या जमाखर्चात दिसतो. गेलेले नाव कोणत्याच खात्यात नोंदले जात नाही. आमच्या गुरुजींच्या वहाणा पाहिल्या तेव्हा मला हे सारे निबंध आठवले. वर्गात शिकविताना मात्र ते कधी आपल्यासंबंधी आहेत असे वाटले नव्हते.

यावर उपाय शोधणारा एक फार मोठा माणूस याच जिल्ह्यात, धाम नदीच्या काठी राहून गेला. विनोबांच्या भूदानाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण देणाऱ्याचे मन कसे ताजे ठेवावे याविषयी त्यांनी जे प्रयोग केले, त्यांकडे अर्थशास्त्रज्ञांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. गांधीजींच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या तो दिवस १२ फेब्रुवारी. त्या दिवशी प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करावी, ही सूतांजली. १९५२ मध्ये त्यांनी संपत्तिदान मांडले. उत्पन्नाचा सहावा हिस्सा दरसाल द्यावा, पण तो रोख स्वरूपात कोणाच्या हाती देऊ नये. देणाऱ्याने तो स्वतःपाशीच ठेवून सांगितलेल्या कामी स्वतः खर्च करावा आणि वर्षाचा हिशेब कळवावा. पुढे सर्वोदय-पात्र आले. घरातील लहान मुलाच्या हाताने रोज एक मूठ धान्य एका भांड्यात टाकावयाचे. ही कल्पना महाराष्ट्राला अनोळखी नव्हती. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड असाच मुठीमुठीने भरत असे, आणि त्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा या हिशेबाने पैसा फंड उभा केला होता व त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला होता.

या सर्वांत एक समान तत्त्व दिसते. देणे ही घरातील सवय व्हावी, दाराशी आलेल्या माणसाने पाडलेला तो प्रसंग असू नये. मूठ टाकणाऱ्या मुलाला कोणी रोज मागावयास येत नाही. संपत्तिदान करणाऱ्याला तर मागणाऱ्याऐवजी स्वतःच हिशेब द्यावा लागतो. उलट बाजूला भूदानाचे उदाहरण आहे. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली, हा चमत्कारच. परंतु सभेच्या भरात, विनोबांच्या सान्निध्यात दिलेल्या त्या जमिनीपैकी बरीचशी पुढे नापीक निघाली, वादात अडकली किंवा वाटपावाचून पडून राहिली. भरात दिलेले आणि सवयीने दिलेले यांतील अंतर एवढे मोठे असते.

सर्वोदय-पात्रे तरी कोठे टिकली, असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. ती टिकली नाहीत. मूठभर धान्य घरोघरी साचले तरी ते नेमाने गोळा करणारा, मापणारा, विकणारा आणि नोंदणारा माणूस लागतो. त्याचा निर्वाह कशातून चालावा? १९५६ मध्ये पळणी येथे निधिमुक्तीचा निर्णय झाला, गांधी स्मारक निधीतून मिळणारे साहाय्य थांबविण्यात आले, आणि लोकांच्या आधारावरच कार्यकर्त्यांनी उभे राहावे असे ठरले. तत्त्व उदात्त होते. पण लोकाधार उभा राहण्यापूर्वी निधी सुटला, आणि अनेक कार्यकर्त्यांना घर चालविण्यासाठी काम सोडावे लागले. दात्याचा थकवा टाळताना सेवकाची उपासमार होऊ नये, हा त्या प्रयोगाचा धडा मला तरी विनोबांच्या यशाइतकाच मोलाचा वाटतो. गांधीजींचेही मत होते की, सार्वजनिक संस्थेने कायम निधीच्या व्याजावर जगू नये. लोक वर्गणी देईनासे झाले तर संस्थेने आपले कोठे चुकले ते पाहावे. हे मत मी अर्धेच स्वीकारतो. कुष्ठरोग्यांचे घर किंवा अनाथ मुलांचे वसतिगृह लोकांच्या उत्साहाच्या चढउतारावर सोडता येत नाही. पण व्याख्यानमाला, स्मरणिका आणि रौप्यमहोत्सव यांना ती कसोटी अवश्य लावावी!

या जिल्ह्यात, हिंगणघाटला, १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वेगळा मार्ग काढला. आनंदवनात शेती झाली, हातमाग चालले, वस्तू तयार झाल्या. संस्थेने आधी स्वतःचे जेवढे भागेल तेवढे भागविले. आणि १९६७ पासून सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. तेथे येणाऱ्याकडून पैशापेक्षा घाम मागितला जाई. त्या छावणीत फावडे चालविलेला विद्यार्थी पुढे नोकरीला लागला म्हणजे त्याच्याकडे मागावयास कोणी जावे लागत नाही. आपल्या संस्था मात्र तरुणाला भेटतात त्या तो मिळवू लागल्यावर.

बाहेरची परिस्थितीही बदलली आहे आणि ती विचारात घेतली पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याच्या सरासरी २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग पडले. त्यामुळे पैसा आला हे खरे, पण तो ज्या संस्थेपाशी इंग्रजीत अहवाल लिहिणारा माणूस आहे तिच्याकडे आधी गेला. आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या लहान वाचनालयाला त्याचा वासही लागत नाही. ते पुन्हा शाळामास्तराच्याच दारी येते. दुसरीकडे, आयकरातील नव्या करप्रणालीत देणगीवरील वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून वेगळा पर्याय न निवडणाऱ्यास तीच प्रणाली लागू झाली. मार्च महिन्यात कर वाचविण्यासाठी येणाऱ्या देणग्यांवर ज्यांची मदार होती त्यांना याचा फटका बसला असेल. मला याचे फारसे वाईट वाटत नाही. कर वाचविण्यासाठी देणारा हा देणगीदार नव्हता. तो गिऱ्हाईक होता. आता जो देईल तो खरोखर द्यावयाचे म्हणून देईल. मात्र त्याला त्यातून दुसरा कोणताही लाभ नसल्यामुळे, त्याच्याशी कसे वागावे याचा विचार अधिक करावा लागेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या कामांसाठी आपण वर्गणी काढतो त्यांतील कित्येक कामे वस्तुतः शासनाची आहेत. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात पडली असती, वसतिगृहात पुरेशा जागा असत्या, तर आमच्या भोजन-निधीचे निम्मे प्रयोजन उरले नसते. शाळेचे छप्पर, प्रयोगशाळेची उपकरणे, ग्रंथालयाची पुस्तके यांसाठी नागरिक एकदा कर देतो आणि दुसऱ्यांदा वर्गणी. लोक हे बोलून दाखवीत नाहीत, पण मनातल्या मनात हिशेब करतात. ज्या संस्था दारोदार फिरतात पण अनुदानासाठी कधी एक अर्जही करीत नाहीत, त्यांच्याविषयी हा हिशेब अधिक कठोर असतो, आणि तो असावा.

मग करावे काय? पहिली गोष्ट हिशेबाची. नोंदणीकृत संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षित हिशेब द्यावे लागतात. ते दिले जातात आणि तेथेच राहतात. पाच हजार देणाऱ्याला अहवाल मिळतो; पन्नास देणाऱ्याला पावती. खरे म्हणजे पन्नास देणाऱ्याला तो अधिक मिळावयास हवा, कारण त्याच्या उत्पन्नाच्या मानाने त्याचे देणे मोठे असते. एका कागदावर मावेल एवढा जमाखर्च, साध्या मराठीत, कोणतीही नवी मागणी न जोडता, वर्षातून एकदा घरपोच द्यावा. त्या खेपेला पावतीपुस्तक घरी ठेवूनच निघावे. याला छपाईचा जो काही खर्च येईल तो वाया गेला असे समजणारा कोषाध्यक्ष बदलावा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि येथे वर्ध्याचे पीकपाणी पाहावे लागते. जून-जुलैत शेतकऱ्याच्या घरात बियाणे आणि खताची उधारी असते. पोळ्यापर्यंत हात रिकामाच असतो. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे येते आणि कापूस त्यानंतर. देवळी, सेलू, हिंगणघाटच्या बाजारपेठेतील दुकानदाराचे, दर्जीचे, वाहनचालकाचे उत्पन्नही याच चक्राने फिरते. तरीही आपल्या वर्गणीचा सारा मोसम ऑगस्ट-सप्टेंबरात असतो! आमच्या निधीची फेरी तर जुलैत, कारण महाविद्यालय तेव्हा उघडते. म्हणजे आमची सोय. ती आम्ही यंदापासून डिसेंबरात नेण्याचे ठरविले आहे. त्यामुळे पहिल्या सहामाहीत उसनवारी करावी लागेल आणि ती आम्ही प्राध्यापकांनीच करावी, असेही ठरले आहे. त्यावर बैठकीत बरीच खडाजंगी झाली ती गोष्ट वेगळी.

तिसरी सूचना अवघड आहे. एका गावातील, निदान एका मोहल्ल्यातील संस्थांनी वर्षारंभी एकत्र बसून कोण कोणत्या महिन्यात फिरणार हे ठरवावे. वाचनालय, वसतिगृह, वृद्धाश्रम, उत्सव मंडळे यांनी आपापसांत महिने वाटून घ्यावेत. एका घरी वर्षातून एकच फेरी, आणि ज्याला एकदम देणे जड जाते त्याला हप्त्याने देण्याची मुभा. अकस्मात संकट आले तर त्यासाठी फेरी न काढता वर्षाच्या जमेतून दहावा हिस्सा आधीच बाजूला ठेवावा. हे होईल का? मला शंका आहे. प्रत्येक संस्थेला वाटते की आपण आधी पोचलो तर आपल्याला मिळेल, आणि एकेकटीचा विचार केला तर तिचे बरोबरच आहे. ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासलेल्या गावकऱ्यांपाशी एक गोष्ट होती जी आपल्यापाशी नाही. उजाड झालेले कुरण त्यांना डोळ्यांनी दिसत होते. आपल्या यादीतून गळालेले नाव आपल्याला दिसत नाही. म्हणून निदान आरंभ म्हणून, प्रत्येक संस्थेने वार्षिक सभेत जमेच्या आकड्याबरोबर दुसराही एक आकडा वाचून दाखवावा: गेल्या वर्षी ज्यांनी दिले होते त्यांपैकी यंदा किती जणांनी दिले नाही. आमच्या निधीचा तो आकडा मी काढला. तो येथे देण्यासारखा नाही, पण सभेत वाचला.

आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक. कचेरीतील यादीत पुढच्या नावासमोरील रक्कम मागच्याला दिसते, ही व्यवस्था आधी बंद झाली पाहिजे. लिपिकाने साहेबाच्या खालोखाल आकडा घालावा या अपेक्षेने फिरणारा कागद म्हणजे वर्गणी नव्हे, वसुली आहे. बंद पाकिटाने जमा कमी होईल हे मला ठाऊक आहे. शिकागोचे आकडे मी वर दिलेच आहेत. पहिल्या वर्षी ती कमी होईल. पण जे उरतील ते पुढच्या वर्षी दार बंद करणार नाहीत.

डिसेंबरात नव्हे, गेल्या मार्चमध्येच मी गुरुजींकडे पुन्हा गेलो होतो, एकटा आणि रिकाम्या हाताने; म्हणजे हातात फक्त हिशेबाचा कागद होता. मला पाहून ते उठू लागले. मी आधीच म्हणालो, 'गुरुजी, मागायला नाही आलो. हिशेब द्यायला आलो.' त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, दोन्ही बाजूंनी. ज्या मुलाच्या आजारपणासाठी त्यांनी पैसे दिले होते तो आता कसा आहे, परीक्षेला बसला का, हे विचारले. मी सांगितले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि दुसऱ्या पानावरील भाजीपाल्याच्या बेरजेत चाळीस रुपयांची चूक आहे, ती दाखविली. मी दोनदा बेरीज केली, चूक होतीच. चहा झाला. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.